मिनिटाला अठरा बुडबुडे

नळकाकांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ कायम गळायचा. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचे नळ बसवले, तुंबलेली सिंकं मोकळी केली, भिंतीत मुरलेलं पाणी नुसत्या हाताने चाचपून शोधलं, पण घरचा नळ आपला टपटपतोय तो टपटपतोच आहे. "दिव्याखाली अंधार," असं म्हणून बायको खाली पातेलं ठेवायची. ते म्हणायचे, "रविवारी बघतो." असे किती रविवार आले नि गेले, देव जाणे.

माणूस अबोल. पाइपशी जेवढं बोलायचे त्याच्या निम्मंही घरात बोलत नसत. तरुणपणी बोलायचे, पण ते दारू पिऊन, आणि ते बोलणं कुणाला ऐकावंसं वाटायचं नाही. तेव्हा बायको घरात सापडेल ती बाटली शांतपणे सिंकमध्ये ओतायची. भांडण नाही, रडारड नाही. लहानगी मुलगी दारात उभी राहून बघायची. एक दिवस नळकाकांना त्या दारातल्या पोरीची लाज वाटली आणि त्यांनी दारू सोडली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

काचेची टाकी आली ती एका गिऱ्हाइकाकडून. घर बदलताना त्याने ती देऊन टाकली. गळत होती म्हणूनच दिली, नाहीतर फुकट कोण काय देतं! नळकाकांनी सांधे बुजवले आणि बायकोने तिच्यात वाळू, मासे आणि पाण्यातली झाडं लावली. मासे जगले, झाडं मात्र पिवळी पडायला लागली. ती दुकानात विचारायला गेली. दुकानदार म्हणाला, झाडांना पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो, सिलिंडर बसवा. ती हसतच घरी आली.

"अहो, बावीस वर्षं मी ज्या वायूने पाव फुगवतेय, तो हा शहाणा मला सिलिंडरमध्ये भरून विकायला निघालाय!"

ती बेकरीत पीठ मळायच्या टेबलावर होती. यीस्टला काय आवडतं नि काय सोसत नाही, हे तिला पोटच्या पोरासारखं ठाऊक होतं. तिने कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट घातलं. नळकाकांनी झाकणाला भोक पाडून बारीक नळी बसवली आणि वायूचा कणही बाहेर जाणार नाही असा सांधा केला. लग्नानंतर दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम असावं. दुसऱ्या दिवशी नळीच्या टोकातून टाकीत बुडबुडे सुटायला लागले. महिन्याभरात झाडं अशी माजली की मासे शोधावे लागायचे.

बाटलीतली साखर तीन आठवड्यांत संपे. मग ती वरचं पाणी ओतून देई, पण तळाचा चार बोटं साका राखून ठेवी आणि त्यावरच नवी साखर घाली, दह्याला विरजण राखतात तसा. पुढे बेकरी बंद पडली त्या दिवशी ती तिथून ओंजळभर यीस्ट घेऊन आली होती, तेच अडीच वर्षं या बाटलीत चाललं होतं. रोज दुपारी ती घड्याळ घेऊन बुडबुडे मोजायची. मिनिटाला अठरा. कधी सतरा, कधी एकोणीस, पण बहुतेक अठराच.

"दुकानातलं ताजं यीस्ट घातलं तर जास्त येतील की," नळकाका एकदा म्हणाले.

"येतील. चाळीस येतील. नव्याचे नऊ दिवस, मग दमून बसेल. माझं जुनं आहे, संसारी आहे."

एका मंगळवारी सकाळी तिने बाटली भरली, टाकीमागे जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवली, आणि दुपारी छातीत कळ येऊन ती गेली. डॉक्टर यायच्या आतच गेली.

मुलगी सहा वर्षं परगावी होती. ती महिन्याची रजा घेऊन आली. बाबा जेवतात कमी, बोलतात त्याहून कमी आणि दिवसभर त्या टाकीसमोर घड्याळ घेऊन बसतात, एवढंच तिला दिसत होतं. नळकाका बुडबुडे मोजत होते. अठरा. ती नव्हती, पण तिच्या हाताने मिसळलेलं काहीतरी त्या घरात अजून श्वास घेत होतं. हे कुणाला सांगायचं कसं? लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला वेड लागलं.

पंधराव्या दिवशी आकडा चौदावर आला. सतराव्या दिवशी अकरा. वरचं पाणी काढून साखर घालायची वेळ झाली होती, पण त्यांचा हात धजेना. काही चुकलं तर? मग उगाच टॉवेल बाजूला करायचे, झाकण सैल करून वास घ्यायचे, पुन्हा घट्ट करायचे. एकोणिसाव्या दिवशी मनाचा हिय्या करून त्यांनी बाटली काढली, ओट्यावर ठेवली आणि डबा उघडला. डब्यात साखर नव्हती. ती आणायला ते खाली दुकानात गेले.

परत आले तेव्हा बाटली ओट्याजवळच्या जाळीत उपडी घातलेली होती. स्वच्छ, लखलखीत. सिंकमधून वाफ येत होती.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आईला जाऊन तीन आठवडे नाही झाले. आणि तुम्ही परत सुरू केलंत? टाकीमागे लपवून? मला रोज वास येत होता, मी स्वतःला सांगत होते की नाही, नसेल. ओतलं सगळं. साबणाने धुतली बाटली. आई करायची तसंच."

"गरम पाणी कशाला ओतलंस?"

"तुम्हीच शिकवलंय. चिकट काही गेलं की वरून उकळतं पाणी सोडायचं."

पिशवी खाली ठेवून नळकाकांनी हत्यारांची पेटी ओढली आणि सिंकखाली गुडघे टेकले. सिंकखालच्या वाकड्या पाइपात पाणी साठून राहतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! त्या वाकणातून त्यांनी लोकांच्या अंगठ्या काढून दिल्या होत्या, कानातली काढून दिली होती, एकदा तर एका आजोबांची कवळी. ज्या नटावर त्यांचा पाना कधी घसरला नव्हता, त्यावर तो आज तीनदा घसरला.

"बाबा, मी काहीतरी विचारतेय!"

"दारू नव्हती ती," ते पाइपकडे बघतच म्हणाले. "आईचं यीस्ट होतं. झाडांसाठी. तिने त्याच दिवशी सकाळी भरलं होतं."

मुलगी उभी होती तिथेच खाली बसली. वाकणातून वाटीभर करडं पाणी निघालं. त्याला साबणाचा वास होता आणि ते अजून गरम होतं. नळकाकांनी ते गार होऊ दिलं, बाटलीत ओतलं, साखर घातली, झाकण लावलं. उकळत्या पाण्यात काही जगत नाही, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी बाटली टॉवेलात गुंडाळली. पोरीवर राग आला का? आला. पण तो ओठांपर्यंत पोचायच्या आधीच त्यांना ती दारातली लहानगी दिसली. तिला हे ओतायला शिकवलं कुणी? त्यांनीच ना.

पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. मुलीने जेवणाला हात लावला नाही. संध्याकाळी "जरा बाहेर जाऊन येते" म्हणून ती अर्धा तास बाहेर गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिची हाक आली. "बाबा! लवकर या! सुरू झालेत!"

नळीच्या टोकातून बुडबुडे सुटत होते, एकामागून एक, घाईघाईने. नळकाकांनी घड्याळ काढलं. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिचे डोळे सुजलेले होते.

त्रेचाळीस.

त्यांनी पुन्हा मोजलं. चव्वेचाळीस. झाकणाजवळ नाक नेलं, तर दुकानातल्या ताज्या यीस्टचा कोवळा वास. त्यांना सगळं कळलं. घड्याळ त्यांनी खिशात टाकलं.

"आईचंच आहे ना, बाबा?"

"मग? दुसऱ्या कुणाचं असणार!"

मुलीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. ते तिला थोपटत राहिले. त्यांना स्वतःला रडायचं होतं, पण रडले असते तर तिला कळलं असतं.

"पुढच्या वेळी बाटली मी भरीन," ती डोळे पुसत म्हणाली. "कशी भरायची ते सांगा."

"वरचं पाणी ओतायचं," नळकाका म्हणाले, "पण चार बोटं साका ठेवायचा, पोरी. सगळं ओतायचं नसतं."

ती तोंड धुवायला गेली. नळकाका स्वयंपाकघरात आले. सिंकखाली बादली लावून पाइप तीन दिवस तसाच उघडा पडला होता, तो त्यांनी जागेवर बसवला. मग पेटीतून नवा वॉशर काढला आणि इतके रविवार राहून गेलेला तो नळ दहा मिनिटांत दुरुस्त केला. खालचं पातेलं उचलून त्यांनी पुसलं. ते कुठे ठेवायचं, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.