साहेबांचा घसा बसला तवा

दवाखान्यातला मानूस गोष्ट सांगायला लागला की तुमी लोक आधीच ठरवून बसता. डाक्टर धावत येनार, मोठ्या आवाजात चार हुकूम सोडनार, आन सगळं नीट होनार. व्हय का न्हाई? तर बगा, ह्या गोष्टीत डाक्टरसाहेब धावत आले खरं, पन त्यांच्या तोंडातून शब्दच फुटंना. घसा पार बसलेला. आदल्या दिवशी कोहिनूर गावच्या शाळेत लसीचा कॅम्प होता. लाईट गेलेली, माईक बंद, आन साहेब दिवसभर वरडून वरडून आयाबायांना समजावत होते. सकाळी उठले तर तोंडातून नुसती हवा. सायकलीच्या पंचर ट्यूबमधून येती तशी.

मी कंपाउंडर. म्हंजे औशदाची खोली माझी, सुया उकळनं माझं, पट्ट्या बांधनं माझं. मुडबीकडं आमचा सरकारी दवाखाना हाय, खाटा कमी, कुत्री जास्त. माझा दुसरा धंदा नकला. कल्याणला, म्हंजे आमच्या तालुक्याच्या गावाला, शाळेत होतो तवापासून. हेडमास्तर, कंडक्टर, इलेक्शनचा लाऊडस्पीकर, आमची आत्या, कुनाचाबी आवाज काढतो. पन सगळ्यात झकास आयटम म्हंजे आमचे साहेब. धारवाडकडचे मानूस, मराठी बोलायचे ते कन्नडच्या चालीवर. आधी खाकरनार, मग "ए अप्पा" म्हननार, मग हुकूम, आन शेवटी दोन भाषांत इचारनार, "तिळीतेनु? समजलं का?" दर टायमाला. बाईसाहेबांना चहा मागितला तरी.

मागल्या महिन्यात त्यांनी मला धरलं होतं. मी त्यांच्या आवाजात सिस्टरअक्काची रजा मंजूर करायलो होतो, आन साहेब दारात हुभे.

"परत माझा आवाज काढलास तर बदली करतो. औरादच्या पलीकडं. तिथं जाऊन तेलुगूत नकला कर. तिळीतेनु? समजलं का?"

मी जीभ चावून "समजलं" म्हनलो.

तर त्या सकाळी बैलगाडीतून एक म्हातारा आला. संगट सून, सुनेच्या खांद्यावर नात. सुजाता नाव पोरीचं. चालायला लागून थोडेच दिस झालेले.

"जयभीम, कंपाउंडरसाब," म्हातारा म्हनला. "पोरीच्या पायाला काटा लागून गळू झालंय. लई ताप होता, पन आता उतरलाय बगा. रडतबी न्हाई. एक गोळी द्या, जाताव आमी."

"जयभीम अप्पा. बगू द्या की जरा."

मी पोरीचा हात धरलो. गार. पाय धरलो. गार. भाईर ऊन रखरखायलेलं आन पोरगी माठावानी. पोट भात्यासारखं वर-खाली व्हायलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

"लघवी कवा केली हिनं?" मी तिच्या आईला इचारलो.

"काल सांजच्याला."

माझं हसनं-खिदळनं तिथंच बंद पडलं.

तुमाला एक सांगतो. वरडनारं लेकरू आलं की आमी निवांत असताव. अंगात जीव हाय म्हनून वरडायलंय. आमी पळताव ते गप झालेल्या लेकरासाठी. ह्ये मी पुस्तकात वाचलो न्हाई. साहेबांची नक्कल करता करता पाठ झालेलं. "ए अप्पा, ताप उतरला आन लेकरू गार पडलं, तर पेढे वाटू नका!" गळवातले जंतू रक्तात शिरतात आन सगळ्या अंगात पसरतात. त्याला सेप्सिस म्हनतात. त्यावर अँटिबायोटिक पायजे, आन ते आत्ता पायजे. दुपारी दिलं तर औशद तेच असतंय, पन लेकरू तेच नसतंय.

मी क्वार्टरकडं पळालो. साहेब गळ्याला मफलर गुंडाळून गुळन्या करायलेले. मी सांगितलो, "साहेब, गार पडलंय, श्वास जोरात, लघवी बंद." तांब्या तिथंच टाकून निघाले.

त्यांनी पोरीचं नख दाबून रंग कवा परत येतोय ते बगितलं, पोट बगितलं, आन बोटानं खुना करायला लागले. सिस्टरअक्का सलाईन लावायला बसली. मी कपाट उघडलो. पेनिसिलिनची एकच बाटली उरलेली. तीच दिली, लगेच. कागद-बिगद नंतर.

साहेब माझ्या कानाला लागले. "ह्याच्यानं भागनार न्हाई. अँपिसिलिन. जेंटामायसिन. दोन्ही."

"आपल्याकडं संपलंय साहेब. तालुक्याच्या स्टोअरला हाय."

जीप हाय आमची, पन चार विटांवर हुभी. राहिली एष्टी. तिला आमच्याकडं सरकारी मोटार म्हनतात. कल्याणवरून गुलबर्ग्याला जानारी मोटार आमच्या दारावरून जाती. ती कल्याणहून सुटायच्या बेतात होती. तिच्यात औशद आलं तर इथं सुई द्यायची, आन पोरीला त्याच मोटारीत गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. ती मोटार चुकली तर दुसरी सांजच्याला. तवर पोरगी तग धरंल का, ह्ये साहेबांनी सांगितलं न्हाई. मी इचारलोबी न्हाई.

फोन समोरच्या पोस्टात. मी आन साहेब दोघं पळालो. लाईन लागली. स्टोअरवर काशिनाथअण्णा. सचोटीचा मानूस, रिटायरला आलेला. ही महागाची औशदं थोडी असत्यात, म्हनून कुलपात. डाक्टर सोता फोनवर बोलले तरच काढायची, चिठ्ठी नंतर. नियम चांगला हाय, माझी काय तक्रार न्हाई. फक्त त्या दिवशी घशाबद्दल त्यात काय लिवलेलं नव्हतं.

"अण्णा, मी कंपाउंडर बोलायलोय. लेकरू लई शिरेस हाय..."

"साहेबांना दे."

"साहेबांचा घसा बसलाय."

"असं कसं बसतंय रे मधीच? दे साहेबांना."

साहेबांनी फोन घेतला, मान ताठ करून जोर लावला. आवाज आला तो किटलीच्या वाफंवानी, नुसती फुसफुस. तिकडून अण्णा, "कोन? कोन बोलायलंय? लाईन खराब हाय. ठिवा, मागून करा."

"ठिवू नका अण्णा!" मी फोन हिसकावून वरडलो.

साहेबांनी बोलायच्या भोकावर हात ठिवला. माझ्याकडं बगितले. आन त्या मानसाला किती जड गेलं असंल ते मी जानतो.

"कर," ते कुजबुजले.

"काय करू साहेब?"

"नक्कल."

सांगतो तुमाला, जत्रंत हजार मानसांपुढं माझा आवाज कवा कापला न्हाई. पन ज्याची नक्कल, त्योच मानूस ईतभर अंतरावर हुभा, आन तिकडं खाटंवर गार पडलेली पोरगी. मी म्हनलो, "नमस्कार, मी डाक्टर बोलतोय."

"कोन डाक्टर?" अण्णा.

बरोबरच हाय की. आमचे साहेब नमस्कार कवा म्हनत्यात? मी डोळे मिटलो, खाकरलो, आन सोडलो.

"ए अप्पा! काशिनाथ! लेकरू मरायला टेकलंय आन तू लाईन खराब म्हनतोस? तिळीतेनु? समजलं का?"

तिकडं खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. "जी साहेब! जी, जी! सांगा साहेब!"

मग काम सुरू झालं. साहेब माझ्या एका कानात कुजबुजायचे, मी त्यांच्या आवाजात बोलायचो. औशदाचं नाव, किती बाटल्या, पाठवायचं कसं. अण्णा एकेक परत वाचून दाखवायले, आन साहेब फोनच्या मागून कान लावून ऐकायले. एकदा मी चुकलो तर माझा दंड असा चिमटला की काळानिळा पडला. पोस्टमास्तर शिक्का हातात धरून बगत बसलेले. एक मानूस तोंड हालवायलाय आन आवाज दुसऱ्यातून यायलाय.

"पन साहेब, मोटार सुटायलीय," अण्णा म्हनले. "शिपाई भाईर गेलाय. पोचवू कसं?"

साहेब माझ्या कानाला लागायच्या आत माझ्या तोंडातून निघून गेलं.

"तूच पळ! मोटारीच्या म्होरं आडवा हो! मी बगतो पुढचं! तिळीतेनु? समजलं का?"

फोन आपटल्याचा आवाज. साहेबांचे डोळे एवढे मोठे. पन बोलतील कशानं?

मोटार आली. कंडक्टरनं डबा पोटाशी धरलेला, वला टावेल गुंडाळून. उतरता उतरता म्हनतो, "कोन त्यो म्हातारा स्टोअरचा? म्होरं येऊन हुभा राहिला, हालंनाच. एकाच पायात चप्पल व्हती." सुया होईस्तवर कंडक्टरनं मोटार थांबवून धरली. प्याशिंजरांतली एक बाई कुरकुरली, पोरीला बगून गप झाली. साहेबांनी दोन्ही सुया दिल्या, आन पोरीला घेऊन निघाले. सिस्टरअक्का बाटली वर धरून खिडकीपाशी बसली. पोरीच्या आज्यानं माझ्याकडं हात जोडले. मीबी जोडले.

थोड्या दिसांनी सुजाता परत आली, पायाची पट्टी बदलायला. मी हात लावायच्या आत असं वरडली, असं वरडली, की भाईरची कुत्री पळाली. आन माझं बोट चावली. मी ते बोट सगळ्या गावाला दाखवत फिरलो. गुलबर्ग्याच्या डाक्टरांनी सांगितलेलं, इथं सुया पडल्या म्हनून तिथवर पोचली. त्या सुया कुनाच्या आवाजानं आल्या, ते मी दाखवताना सांगायचो.

साहेबांचा घसा सुटला, आन त्याच दिवशी काशिनाथअण्णा आले. दुसरी चप्पल सापडली नव्हती. साहेबांनी मला खोलीत बोलावलं. अण्णा खुर्चीवर, सिस्टरअक्का कपाटापाशी, मी मधी.

साहेब खाकरले.

"ए अप्पा. 'तूच पळ' असं मी तुझ्या कानात म्हनलो होतो का?"

"न्हाई साहेब."

"अण्णा माझ्या वडलांच्या वयाचे. मी त्यांना अहोजाहो करतो. आन तू माझ्या आवाजात त्यांना अरेतुरे केलास! मोटारीखाली गेले असते तर?"

"चुकलं साहेब."

"आज तू 'पळ' म्हनलास. उद्या असाच एखादा आकडा पदरचा घालशील. औशद दुप्पट जाईल, लेकरू हातचं जाईल. मग कुनाची नक्कल करशील?"

तवापासून साहेब सांगतील तेवढंच बोलतो, एक अक्षर जास्त न्हाई.

साहेब टेबलावर म्होरं वाकले. मग खालच्या आवाजात, "आन ते काय लावलं होतंस मधी मधी? तिळीतेनु, समजलं का? मी असं बोलतो? दोन दोनदा? कवा बोलतो?"

सिस्टरअक्कानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तिचे खांदे हालायला लागले. अण्णा पायाकडं बगत बसले.

"सगळं तुझ्या मनाचं!" साहेब टेबलावर हात आपटून वरडले. "ह्याच्यापुढं सांगितलं तेवढंच बोलायचं! तिळीतेनु? समजलं का?"

साहेबांनी सोताच्या तोंडावर हात ठिवला.

"तिळीतु साहेब," मी म्हनलो. "समजलं."