साडूभाऊंचं धोंड्याचं वाण

आमच्या साडूभाऊंइतका संशयी माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो खरोखर तितका संशयी आहे का, याचा साडूभाऊंना संशय येईल. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे यजमान. गाव फुलंब्री, मुक्काम कित्येक वर्षं सिडकोत. वाळूजच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. माल चांगला निघाला की हा माणूस दिवसभर अस्वस्थ असायचा म्हणे. निवृत्तीनंतर कारखान्याचा माल थांबला, तेव्हा त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. घरातून निघताना आपण सगळेच कुलूप ओढून बघतो. साडूभाऊ जिना उतरताना वाटेतल्या शेजाऱ्यांचीही कुलपं ओढून बघतात. आमच्याकडे नळाला पाणी येणं म्हणजे सणच. पण ते ठरल्या दिवशी आलं की गल्लीत एकटे साडूभाऊ गंभीर होतात. "आज टायमावर कसं काय?" असं पुटपुटत पहिली बादली नुसतीच बघत उभे राहतात. एकदा त्यांचा गुडघा दुखायला लागला म्हणून मी त्यांना औरंगपुऱ्यात डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून झीज दाखवली. साडूभाऊंनी तो फोटो निरखला, स्वतःचा गुडघा निरखला आणि विचारलं, "हा माझाच कशावरून?"

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीनं गिटार वाजवणारा मुलगा पसंत करावा, ही देवानं केलेली चेष्टाच. मुलगा लासूर स्टेशनचा, वडिलांचं भुसार मालाचं दुकान, आणि हा पुण्याला एका शाळेत संगीत शिकवणारा. बघायच्या कार्यक्रमाला तो गिटार घेऊनच आला. पोहे झाले, ओळखीपाळखी झाल्या, आणि साडूभाऊंनी खिशातून बॅटरी काढून गिटारीच्या भोकातून आत उजेड पाडला. "आत काय नसतं, मामा," मुलगा हसत म्हणाला. "काय नसतं, तर मग आवाज कुठून येतो?" साडूभाऊंनी विचारलं, आणि जमलेली पंधरावीस माणसं एकेक करून त्या भोकातून आत डोकावून गेली.

लेकीच्या हट्टापुढं काही चाललं नाही आणि लग्न झालं. पण पहिल्या दिवाळसणालाच घात झाला. जावई दुपारचा झोपला होता आणि साडूभाऊंना भिंतीला टेकवलेल्या गिटारीच्या तारा सैल वाटल्या. त्यांनी खुंट्या पिळायला घेतल्या. घट्ट झालं का बघायचं, खात्री पटायची नाही, पुन्हा पिळायचं. शेवटी काडकन आवाज झाला आणि तारा अडकवलेली पट्टी पुढच्या फळीचा टवका घेऊन उखडून आली. जावई डोळे चोळत बाहेर आला, त्यानं बघितलं आणि "असू द्या, मामा," एवढंच म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर तो सासुरवाडीला आलाच नाही. लेक एकटी यायची आणि "त्यांना शाळेचं काम आहे" म्हणायची. साडूभाऊ मान डोलवायचे. पाण्याच्या बादलीला जाब विचारणारा हा माणूस त्या वेळी मात्र काहीएक विचारायचा नाही. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

यंदा अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून वाण द्यायचं, ही आपल्याकडची रीत, आणि हा महिना येतो तीन वर्षांतून एकदा. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. "या टायमाला जावई आले नाय, तर मग कशाला येतील?" अक्का माझ्या बायकोला म्हणाल्या. साडूभाऊ पलीकडे बसून चष्मा पुसत होते. चष्मा बराच वेळ स्वच्छ होईना. आणि आठवड्याभरात त्यांच्या घरी एक भलंमोठं खोकं आलं. त्यात सुटी गिटार होती: पातळ फळ्या, आधीच वाकवून दिलेल्या बाजू, मान, खुंट्या, तारा, घरी बसून जोडायची.

"तयार का नाही घेतली?" मी विचारलं.

"तयार मालाच्या आत काय घातलंय कुणाला ठावं, पाव्हणे? ह्याच्या आत काय हाय ते मी माझ्या डोळ्यानं बघणार."

अक्कांची अडचण वेगळीच होती. "धोंड्याला जाळीची वस्तू देत्यात. अनारसे, बत्तासे. लाकडाचं वाण कुठं असतंय व्हय?"

"हिला भोक हाय," साडूभाऊ म्हणाले. "तुमच्या समद्या अनारशांच्या जाळीपरीस मोठं." यावर शास्त्रात काही उत्तर नसावं, कारण अक्का अनारशांचं पीठ बघायला आत निघून गेल्या.

खोकं आणणाऱ्या माणसाला त्यांनी सगळं सामान तपासून होईपर्यंत दारात उभं केलं होतं. शेवटी अक्कांनी त्याला चहा दिला, मग पोहे दिले. प्रत्येक फळीवर साडूभाऊंनी टरबुजावर मारतात तशी टिचकी मारून कान लावला. सोबतच्या माहितीपत्रकात मान खाचेत सहज बसेल असं लिहिलं होतं. "सहज काय बसत नसतंय," असं म्हणून त्यांनी खाच दोन दिवस घासली, आणि मग मान खरोखरच सहज, म्हणजे डुगडुगत बसली. तिला पाचरी ठोकाव्या लागल्या. पण खरी परीक्षा होती ती मागची फळी चिकटवण्याची. डिंक लावायचा, कडेनं शिकंजे आवळायचे, म्हणजे लाकडं धरून ठेवणारे ते लोखंडी चिमटे, आणि दिवसभर हात लावायचा नाही. हात लावायचा नाही! साडूभाऊंना! तासाभरात त्यांनी शिकंजे सोडले. "धरलंय का बघतो." फळी निघून हातात आली. पुन्हा खरवडून डिंक लावला, पुन्हा तासाभरात सोडून बघितलं. असं चार-पाच वेळा झालं. फळीची कड कुरतडल्यासारखी दिसायला लागली, जावयाला बोलावलेला दिवस जवळ यायला लागला, आणि साडूभाऊंनी डिंकवाल्या कंपनीवर संशय घेतला.

तेव्हा अक्का उठल्या. त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली शिकंजे आवळून घेतले, मग एकेका शिकंज्याला हळदकुंकू लावलं, फळीवर सुपारी मांडली आणि अक्षता वाहिल्या. "आता मांडणी झाली," त्या म्हणाल्या. "उद्या उत्तरपूजा केल्याबिगर हलवायचं नाय." साडूभाऊ जागच्या जागी थिजले. देव आहे का, याचा त्यांना आयुष्यभर संशय आहे. पण तो नसेलच, याचाही तितकाच संशय आहे. मांडलेली सुपारी हलवायची हिंमत त्यांच्यात नव्हती. मी गेलो तेव्हा ते गिटारीसमोर पाटावर, दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांखाली दाबून बसले होते. मी तसाच त्यांचा फोटो काढला आणि त्यांच्या लेकीला पाठवला. पाठोपाठ तिचा मला फोन आला. आधी ती खूप हसली, मग म्हणाली, "थांबा, हा ह्यांना दाखवते." संध्याकाळी जावयाचा निरोप आला: "धोंड्याला येतोय."

तो आला. अक्कांनी औक्षण केलं, अनारशांच्या ताटावर दिवा ठेवून वाण दिलं आणि शेजारी गिटार ठेवली. जावयानं ती उचलली, उलटीसुलटी केली, मग खिशातून मोबाईल काढून त्याचा उजेड भोकातून आत पाडला.

"डिंक लई सांडलाय, मामा."

"नीट तपासून घ्या," साडूभाऊ खाली बघत म्हणाले. "नापास केली तरी चालंल."

जावयानं एकेक खुंटी हळूहळू पिळली. प्रत्येक पिळाला साडूभाऊंनी माझं मनगट इतकं आवळलं की माझ्यावरही हळदकुंकू वाहायला हरकत नव्हती. मग त्यानं वाजवलं. एक तार खरखरत होती, पण बाकीच्या बोलत होत्या. साडूभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी समदं बघून बंद केलंय, पाव्हणे. आत काय नाय. मग कुठून येतो हो आवाज?" त्यांचे डोळे भरून आले होते.

निघताना जावई म्हणाला, "ही इथंच राहू द्या, मामा. माझी जुनी मी नीट करून घेतली. इकडं आलो की ही वाजवीन." दिलेलं वाण मागं ठेवत नसतात म्हणून अक्का कुरकुरल्या, पण गिटार भिंतीवर गेली.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. एवढ्या वर्षांत या माणसाचा थोडा संसर्ग मलाही झाला असावा. मी विचारलं, "साडूभाऊ, आवडली नाही म्हणून तर ठेवून गेले नसतील?"

त्यांनी गिटारीकडे बघितलं. तिला त्यांनी त्या दिवसापासून बोटही लावलेलं नाही, असं अक्का सांगतात.

"पाव्हणे," ते म्हणाले, "शिकंजा सोडून बघू नका."

म्हणाले खरे. पण खाली कुठली तरी गाडी थांबल्याचा आवाज आला, तसे ते दुखरा गुडघा सावरत उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.