बैल नसलेले व्हिला

नागपुरातले समस्त व्हिलामालक आयुष्यात एकाच माणसाला घाबरतात, आणि तो माणूस म्हणजे माझे मामेसासरे. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक. झाडांची लॅटिन नावं मुलांकडून घोकून घेता घेता ती भाषा त्यांना चढली आणि नोकरी सुटली तरी उतरली नाही. फाटकावर ‘व्हिला’ दिसला की मामाजींची स्कूटर थांबते. बेल वाजवून, मालक बाहेर आला की आदबीनं विचारतात, "बैल कुठं बांधता?" तो गोंधळला की समजावतात : रोमन लोकांचा व्हिला म्हणजे शेतावरचं घर, कोठार, गोठा, गडीमाणसं सगळं त्यात आलं. इंग्रजीतलं व्हिलेज त्यातूनच निघालं. "अन् तुम्ही तं तुळशीलेही जागा नाही सोडली गा."

एका शेजाऱ्याच्या वास्तुशांतीला तर ते आणखी पुढे गेले. व्हिलात राबणारा गडी तो मूळचा व्हिलन, खलनायक तो फार नंतर झाला, असं सांगून त्यांनी सकाळपासून पंगती वाढणाऱ्या यजमानीणबाईंकडे बोट दाखवलं. "या घरातला खरा व्हिलन म्हणजे ह्या वहिनी." बोट कौतुकाचंच होतं. पण त्या घरून आम्हा कोणालाच पुन्हा बोलावणं आलं नाही.

म्हणून मामाजींच्या लेकीनं, माधुरीनं, स्वतःच मुलगा पसंत केला आणि त्याचं हुडकेश्वरचं घर पाहायला जायचं ठरलं, तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, त्यांच्या फाटकावर ‘सुमन व्हिला’ लिहिलं आहे. बाबांले आवरा. हे मोडलं तर मी दुसरा मुलगा पाहणार नाही." मामींनी नवऱ्याला बजावलं, "तोंड उघडाल तं फक्त पोह्यांसाठी."

फाटकाशी मामाजींनी पाटी वाचली, मोठा श्वास घेतला. मी त्यांचं कोपर दाबलं. आत त्यांनी दोन बशा पोहे मुकाट्यानं संपवले. शेवटी मुलाचे वडीलच म्हणाले, "सर काही बोलूनच नाही राहिले. घर पसंत नाही का जी?"

मामाजी उठले. "मागचं अंगण पाहू का?"

मी डोळे मिटले. मामींनी पदर मुठीत धरला.

मागच्या अंगणात भिवापूरच्या शेतावरून आलेल्या लालभडक मिरच्या वाळत पसरल्या होत्या, भिंतीशी तुरीची पोती होती आणि पत्र्याखाली एक गाय आमच्याकडे बघत रवंथ करत होती. मामाजी ओळीनं सात वेळा शिंकले. मग वाहते डोळे पुसत म्हणाले, "हा व्हिला. नागपुरातला पहिला." ते पाणी लेकीच्या विरहाचं आहे असं समजून मुलाच्या वडिलांनी त्यांना मिठी मारली. मामी तुरीच्या पोत्यावर मटकन बसल्या आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

लग्न होऊन वर्ष झालं. मामाजींच्या स्वतःच्या घराला कधीच नाव नव्हतं. बसेल असा शब्दच सापडला नाही म्हणायचे. परवा गेलो तर घर शांत होतं. व्याह्यांनी दिलेल्या बियांची मिरची तीन कुंड्यांत लागली होती, लाल होऊन लोंबत होती. मी एक तोडायला गेलो, तर म्हणाले, "राहू द्या. माधुरी येणार आहे रविवारी."

लोंबत्या फांदीला त्यांनी काडीचा टेकू दिला. मग, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांनाच प्रश्न विचारले, त्यांनी अगदी हळू आवाजात मला विचारलं, "जावईबापू, तीन कुंड्यांवर व्हिला म्हणता येईल का?"

मी म्हणालो, "रविवारी येईल."