विमानाच्या यंत्रात आबांचं तेल

ती गोष्ट आठवली की आजही आधी मला माझाच आरडाओरडा ऐकू येतो. सत्तरच्या दशकात मी शिरूर ठाण्याला फौजदार होतो. आवाज मोठा आणि धीर कमी, अशी माझी ख्याती होती, आणि ती खरी होती.

सकाळची हजेरी उरकत होती. आमचा वरवंडचा हवालदार दुरुस्त झालेलं घड्याळ कानाला लावत आला अन् म्हणाला, "साहेब, पेठेतले घड्याळजी आबा म्हणत्यात, त्यांनी विमानातलं यंत्र दुरुस्त केलं. सायकलचा पंप लावून आतलं चाक फिरवलं, मग यंत्र कसंबी वाकवा, मधली आडवी रेघ सरळच ऱ्हाती म्हणं."

आबा थापा मारणारे नव्हते, आणि तेच मला खटकलं. शिरूरच्या घड्याळजीकडे विमानातलं यंत्र येतं कुठून? चोरीचा माल, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पोलिसाने इतक्या घाईने काही ठरवू नये, पण फौजदाराला हे सांगणार कोण?

पंच बोलावून दुकानाची झडती घेतली. एक तडकलेली गोल काच आणि एका विमान कंपनीच्या लेबलाचा तुकडा मिळाला. यंत्र नव्हतं. आबांना ठाण्यात आणलं. सत्तरीचा, धोतर-टोपीतला माणूस, बाकावर ताठ बसला.

"कुणी आणलं?"

"त्ये सांगणार न्हाई."

"आता कुठं आहे?"

"जिथलं तिथं गेलं. चोरीचं न्हाई सायेब, एवढं सांगतो. फुडचं इचारू नगा."

मी टेबलावर हात आपटला, कोठडीची भीती घातली, सगळी हत्यारं वापरून पाहिली. उपयोग शून्य. खोटं बोलणाऱ्याला चार प्रश्नांत अडकवता येतं. ज्याला खोटं बोलता येत नाही तो गप्प बसतो, आणि त्याच्यापुढे पोलीस लाचार होतो.

शेवटी लेबलावरच्या कंपनीला मुंबईला ट्रंक कॉल लावला. तासाभराने लागला. तिथले तपासणी विभागाचे इंजिनिअर शांतपणे बोलत होते.

"विमान ढगात शिरलं की वैमानिकाला आपण सरळ आहोत की कलंडलोय हे कळत नाही. अंग फसवतं. म्हणून ते आडव्या रेघेचं यंत्र. एक कॅप्टनपुढे, एक सहवैमानिकापुढे. दोन्हींना चालवणारी शक्ती वेगवेगळी, म्हणजे एक बिघडलं तरी दुसरं त्याच्या नादी लागत नाही. दोघांत मतभेद झाला तर तिसरं असतं."

मला हे लगेच पटलं. एकानेच पढवलेले दोन साक्षीदार म्हणजे एकच साक्षीदार, हे आम्हाला कोर्टाने कितीदा तरी शिकवलं होतं.

"बंद पडलेल्या यंत्राची मला एवढी भीती नाही," ते म्हणाले, "बंद पडलं ते दिसतं. चालू राहून हळूहळू खोटं सांगायला लागतं त्याची भीती. बाहेर उघडलेलं यंत्र आमच्याकडे पुन्हा तपासल्याशिवाय उडत नाही. या आठवड्यात अशा यंत्रांच्या पाच पेट्या रेल्वेने दौंडवरून गेल्यात. काही यंत्रं बसवलीही असतील. नंबर मिळवा. नाही मिळाला तर सगळी विमानं उभी करायला सांगतो."

मी फोनवर "दौंड?" म्हणताच शेजारी उभा हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, आबांचा भाचा दौंडला पार्सल हपिसात हमाल हाय. हंगामी."

आता आरडाओरडा करायची वेळ गेली होती. मी चहा मागवला, आबांपुढे खुर्ची ओढली आणि इंजिनिअरने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. शेवटी विचारलं, "आबा, तेल घातलं होतं का?"

आबांनी कपबशी टेबलावर ठेवली.

"दोन थेंब. आमची रीतच हाय सायेब, साफ करून तेल घातल्याबगर वस्तू परत द्यायची न्हाई. वरचं सील बी हुबेहूब केलं. कुणाला वळखू येणार न्हाई असं." मग टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "भाच्याच्या हातनं पेटी पडली. काच तडकली. कायम व्हायला तीन म्हैनं ऱ्हायल्यात त्याचं. मी बोललो तर बहिणीच्या घरातली चूल इझतीय."

"आणि नाही बोललात तर?"

आबांनी बंडीच्या खिशातून वही काढली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक घड्याळाचा नंबर ते लिहून ठेवत. यंत्राचाही लिहिला होता. झडतीत आम्ही अख्खं दुकान उलथंपालथं केलं आणि आबांचा खिसा तेवढा बघितला नाही, शाबास आमची!

नंबर मुंबईला कळवला. त्या नंबरचं यंत्र एका विमानात आदल्याच दिवशी बसवलं होतं. दुपारचं उड्डाण थांबलं.

मी आबांना जीपमध्ये घालून दौंडला नेलं. भाचा पार्सल ऑफिसच्या दारात उभा होता. आबा उतरले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी सांगितलं रं. काय बोलायचं त्ये मला बोल."

भाचा खाली बसला आणि रडायला लागला. "बरं केलंस मामा. चार दिस जेवान ग्वाड लागंना. वर इमान दिसलं की मान खाली घालतोय."

गुन्हा असा दाखल झाला नाही, पण रेल्वेने त्याला निलंबित केलं. आठवड्याने इंजिनिअरचा फोन आला. "आबांना सांगा, काम आमच्या कारागिराला लाजवेल असं आहे. पण ते तेल धूळ धरतं, वरच्या थंडीत घट्ट होतं. यंत्रातली रेघ हळूहळू कलली असती." मी भाच्याचं विचारलं. ते म्हणाले, "रेल्वेला पत्र लिहिलंय. आमच्या कारखान्यात हातून यंत्र पडलं तर शिक्षा नाही, लपवलं तर आहे. याला काढलंत तर पुढचा हमाल तोंड उघडणार नाही आणि पेटी तशीच पुढे जाईल, असं लिहिलंय."

भाचा राहिला. तीनऐवजी नऊ महिन्यांनी कायम झाला. पेढे घेऊन मामा-भाचे दोघं ठाण्यात आले तेव्हा मला फार बरं वाटलं, आणि आबांवर ओरडलो होतो त्याची लाजही वाटली. तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

पुढे निवृत्तीपर्यंत माझा आवाज काही लहान झाला नाही. चुकणाऱ्याला मी शिव्या घातल्या, पोटभर घातल्या. पण आपली चूक आपणहून सांगायला जो आला, त्याला आधी बसायला खुर्ची दिली.