पुण्यात सेटल

गाव सोडताना मी एकाच सकाळी दोनदा निघालो. पहिल्यांदा निघालो तेव्हा देऊळघाटच्या आमच्या गल्लीतली पंधरा-वीस माणसं दारात जमली होती. आईने हातावर दही-साखर ठेवली, मी वाकून वाकून सगळ्यांच्या पाया पडलो, दोघीतिघींनी डोळ्याला पदरही लावला. स्टँडवर पोचल्यावर लक्षात आलं की सर्टिफिकेटांची फाइल घरीच राहिली. परत आलो. निघालेला माणूस परत आला की त्याने बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मगच पुन्हा निघायचं, अशी आमच्याकडची रीत. बसलो, प्यालो, निघालो. तोवर मंडळी आपापल्या शेतात गेली होती. दुसऱ्या निरोपाला फक्त बाबा आणि शेजाऱ्यांची म्हैस. बाबा म्हणाले, "फाइल घेतली ना बे आता? मंग जाय. अन् सेटल होऊनच ये."

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. मी बी.कॉम. झालेला, पण हा इंग्रजी शब्द मला त्यांनी दिला. त्यांना तो कुठे मिळाला कोण जाणे, बहुधा बुलढाण्याच्या भाजीबाजारात, वांग्याच्या पोत्यांबरोबर. आमच्याकडे दोन घरांतलं भांडण मिटलं की मामला सेटल होतो, हगवण थांबली की पोट सेटल होतं. माणूसही तसाच होत असणार, असा माझा समज होता. एकदा झाला की झाला.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा मी गावातल्या एकमेव फोनवर बाबांना बोलावून घेतलं आणि कळवलं. ते म्हणाले, "हाव, पण सेटल झाला का?" मग खोली मिळाली. मग खामगावच्या सुनीताशी लग्न झालं. मग मुलगी झाली. दर वेळी मी बातमी सांगायचो, दर वेळी बाबा तेवढंच विचारायचे. शेवटी फ्लॅट घेतला तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. पण पहिल्याच पावसाळ्यात खालच्या पार्किंगची फरशी खचली. गवंडी म्हणाला, भराव अजून सेटल झाला नाही, घाई केली तुम्ही लोकांनी. मी हे हसत हसत बाबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "जमीनच सेटल नाही, तं माणूस कसा होईन?" ते शेवटपर्यंत विचारत राहिले आणि मी शेवटपर्यंत "होऊन राह्यलो", म्हणजे होतोय, म्हणत राहिलो.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र झाली. सुरुवातीला ऑफिसात डबा खाताना मी "मले लोणचं द्या" म्हणालो की टेबलावरची माणसं खाली बघून हसायची. सहा महिन्यांत मी "मला" म्हणायला शिकलो. पुढे गावी गेलो की तिथली माणसं हसायला लागली. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे ठाऊक असेल, आणि जे गावातच राहिले ते आमच्यावर हसलेच असतील. दोघांचंही बरोबर आहे.

आता मुख्य गोष्टीवर येतो. ती सांगायला मला जरा जड जातं.

माझा पुतण्या मंगेश, थोरल्या भावाचा मुलगा. कृषी पदवी घेतलेला, एकोणतीस वर्षांचा. चार एकर, विहीर, अर्ध्या एकरात शेडनेट, त्यात ढोबळी मिरची. गेल्या तीन वर्षांत त्याला सात ठिकाणांहून नकार आले, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, मुलगा चांगला आहे पण आम्हाला सेटल मुलगा पाहिजे. दादा फोनवर म्हणाला, आता तुझी वहिनी बोलतच नाही, नुसती चुलीसमोर बसून राहते. तू तिकडे आहेस, तूच एक चांगला बायोडाटा बनवून समाजाच्या लग्नाच्या ग्रुपवर टाक.

मी बनवला. फोटो लावला, उंची लिहिली. 'व्यवसाय' या रकान्यापाशी हात थांबला. मंगेश दोन-तीन महिन्यांतून एकदा आमच्याकडे येतो तेव्हा एक पोतं भाजी आणतो, निम्मी आम्ही खातो, निम्मी सोसायटीत वाटतो. मी लिहिलं, 'शेती, तसेच पुणे येथे भाजीपाला पुरवठा'. लिहिल्यावर हात मोकळा झाला. 'पत्ता' या रकान्यात माझा फ्लॅट लिहिला आणि कंसात 'पुण्यात सेटल'. मंगेशला विचारलं नाही. सुनीतालाही नाही, कारण ती काय म्हणाली असती ते मला माहीत होतं.

दोन दिवसांत पाच स्थळं चालून आली. मी दादाला अभिमानाने कळवलं. तो म्हणाला, तुझ्या वहिनीने आज पुरण घातलं.

आमच्याकडे मुलगी द्यायची तर मुलीकडची माणसं न सांगता घर पाहून जातात. मुद्दाम न सांगता. घर रोज कसं असतं ते कळावं म्हणून. मी हे जन्मापासून पाहत आलो आहे, पण ती माणसं पत्त्यावर जातात एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. एका रविवारी सकाळी आठला बेल वाजली. मी बनियनवर, स्टुलावर उभा राहून पंखा पुसत होतो. सुनीताने दार उघडलं. धामणगाव बढ्याहून रातराणीने आलेले दोन गृहस्थ दारात उभे होते, त्या पाच स्थळांतल्या एका मुलीचे वडील आणि मामा. वडिलांचं तिथे किराणा दुकान. बसले, पाणी प्याले आणि त्यांनी विचारलं, "मंगेशराव दिसत नाहीत?"

मी स्टुलावरून, सवयीने बोलून गेलो, "तो काय, शेतात गेला असेल."

मामा उठून बाल्कनीत गेले. चौथा मजला. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि परत येऊन बसले. मी खाली उतरलो आणि पुरवठ्याबद्दल काहीतरी सांगायला लागलो. सुनीताने पोह्यांच्या बश्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि सरळ सांगितलं, मंगेश इथे राहत नाही, कधी राहिलाही नाही, तो देऊळघाटला असतो, शेती करतो, फार चांगली करतो, आणि हा कागद त्याने पाहिलेलासुद्धा नाही. "हे यांनी लिहिलंय," ती म्हणाली. माझ्या हातात अजून पंख्याचं फडकं होतं.

मुलीच्या वडिलांनी पोहे संपवले. बायोडाट्याची घडी करून ती टीपॉयवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, आमाले पोरगी द्याची होती. फ्लॅट नव्हता घ्याचा."

ते गेल्यावर मंगेशला फोन करणं भाग होतं. मी सगळं सांगितलं. तिकडून मोटारीचा आवाज येत होता, विहिरीवर असावा. मग तो म्हणाला, "काका, पत्त्यात देऊळघाट लिवाची लाज वाटली का तुमाले?" मी म्हणालो, तसं नाही रे, तुझं जमावं म्हणून. तो म्हणाला, "मंग माह्यं नाही जमलं तरी चालन," आणि फोन ठेवला. मंगेशने माझ्याशी असं बोलण्याची ती पहिलीच वेळ.

पुढचं त्याने स्वतःच केलं. माझ्याकडून धामणगावचा नंबरही मागितला नाही, ग्रुपवरून शोधला. त्या गृहस्थांना फोन करून काकांच्या वतीने माफी मागितली आणि सांगितलं, घर पाहायचंच असेल तर हे पाहा, शेतासकट. येणार असाल तेव्हा या, सांगू नका.

ते पुढच्या रविवारी आले, आणि या वेळी मुलगी, स्वाती, बरोबर होती. येतील तर रविवारीच, या अंदाजाने आम्ही आदल्या दिवशीच देऊळघाटला पोचलो होतो. मी यायला कचरत होतो, सुनीताने बॅग भरली आणि गाडीत ठेवली. मंगेश मला "या काका" म्हणाला आणि त्यापुढे एक शब्द नाही. स्वातीने शेडनेटमध्ये दोन फेऱ्या मारल्या, ठिबकच्या नळ्या कशा साफ करता ते विचारलं. मग सगळ्यांसमोर मंगेशला म्हणाली, "माह्यं बी.एड. होऊन राह्यलं. मी शिकवाले जाईन. चालन का?"

मी तोंड उघडत होतो. सुनीताने माझ्या पायावर पाय ठेवला.

मंगेश म्हणाला, "सकाळी मी बुलढाण्याले मिरची घेऊन जातोच. संगंच जात जाऊ."

मुलीचे वडील विहिरीच्या काठावर उभे होते. दादाला म्हणाले की आजवर आम्ही सेटल म्हणजे गावाबाहेर गेलेला असंच धरत होतो, ते आमचंही चुकलंच. घरी विचारून कळवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांचा होकार आला. वहिनी चुलीपासून उठली, फोन कानाला लावला आणि नुसती मान हलवत राहिली, जणू पलीकडच्याला दिसतंय.

दादा म्हणाला, "चार दिस राहा बे. साखरपुड्याचं ठरवू." आणि मी, सोमवारची रजा संपत होती म्हणून, म्हणालो, "नाही दादा, घरी जायला पाहिजे."

घरी. शब्द तोंडातून गेला तेव्हा मी त्याच ओसरीवर उभा होतो जिथून फाइल न घेता निघालो होतो. दादा क्षणभर माझ्याकडे पाहून म्हणाला, "हाव, जाय." मंगेशने भाजीचं पोतं डिकीत ठेवलं, झाकण लावलं आणि आत गेला. मी आरशात पाहत होतो, तो पुन्हा बाहेर आला नाही.

चिखलीपर्यंत मी गाडी चालवत राहिलो. मग म्हणालो, आता त्या घरात मी पाहुणा झालो, आणि माझ्या हातानेच झालो. पुण्यात सुनीता पुण्याचं बोलते, खामगावचं फक्त मनातलं काही असलं की येतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाहुणा गेला की वहिनी गाद्या लगेच माळ्यावर टाकतात. मी निंघताना आत चप्पल पाहाले गेली होती. आपण झोपलो त्या दोन गाद्या मंगेश झटकून परत खाटेवर टाकून राह्यला होता."