चौथ्या फोटोतला बुडबुडा

तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत. बाकी सगळ्या इमारतीची ती काचताई. झाडांच्या रोगांवर काम करणारी ती प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या शेवटी. तिथल्या खिडकीपाशी एक उंच स्टूल होतं आणि त्या स्टुलावर बसून काचताई एकतीस वर्षं रोपांच्या मुळांचे काप घेत आली होती. मूळ मेणात बसवायचं, यंत्राच्या पात्याखाली केसाहून बारीक काप काढायचे, काचेच्या स्लाइडवर अलगद उतरवायचे, रंगवायचे, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली मूळ निरोगी आहे की कुजलंय ते मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. नवी पोरं आठवडाभर बसायची आणि हाती यायचा तो भुगा. काचताई चहाला जाता जाता बारा काप उतरवून जायची.

या कापांच्या जोरावर त्या प्रयोगशाळेतून सत्तरेक पेपर जर्नलांत छापून आले. कोण प्राध्यापक झालं, कोण परदेशी गेलं. काचताईचं काय? पेपरच्या शेवटी, बारीक अक्षरात, ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’. तेही लिहिणाऱ्याला आठवलं तर. उलट विभागप्रमुख सरांचं नाव मात्र सत्तरच्या सत्तर पेपरांवर. सर प्रयोगशाळेत यायचे ते कुलूप बिघडलं किंवा पाहुणे आले तरच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त या नागोबाला बिळाचा पत्तासुद्धा धड माहीत नव्हता.

मग नव्या मॅडम आल्या. वयाने काचताईहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, बोलायला तुटक, पण कामाला वाघीण. त्यांच्या हाताखाली एक मुलगी पीएचडी करत होती. रोपांची मुळं कुजतात त्यावर एक औषध लागू पडतं का, हा त्यांचा विषय. दोन वर्षं तिघी राबल्या. पेपर लिहून झाला तेव्हा जर्नलने एक फॉर्म पाठवला. ज्याचं नाव लेखक म्हणून लावायचं त्याने नेमकं काय काम केलं ते लिहा, त्याने पेपर पूर्ण वाचलाय असं लिहा, आणि उद्या कोणी प्रश्न विचारला तर तो उत्तर द्यायला बांधील आहे असंही लिहा.

मॅडम फॉर्म घेऊन खिडकीपाशी आल्या. “ताई, काप तुमचे, फोटो तुमचे, मोजणी तुमची. मग नाव नको तुमचं?”

काचताई हसलीच. “मॅडम, सकाळी सकाळी थट्टा करू नका. मी मॅट्रिक झालेली बाई.”

“फॉर्ममध्ये शिक्षण विचारलेलं नाही. काम विचारलंय.”

काचताईचे डोळे भरून आले, पण पठ्ठीने लगेच सही केली नाही. तिने पीएचडीवाल्या मुलीला समोर बसवलं आणि म्हणाली, “त्यात लिहिलंय ना, पूर्ण वाचलाय म्हणून? मग वाचून दाखव. आणि मला कळेल असा सांग.” तीन दुपारी ते वाचन चाललं. मध्येच काचताई अडवायची. “अमुक इतक्या मुळांवर म्हणजे किती? ते आकडे माझ्या वहीतलेच ना?” मुलगी एकदा वैतागून म्हणाली, “ताई, सरांनी तर पहिल्या पानावर सही करून दिली पण.” त्यावर काचताई म्हणाली, “मग मी काय सर आहे?”

पेपर छापून आला. चार नावं. मॅडम, मुलगी, काचताई आणि अर्थात सर.

काचताईचा नवरा पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या. त्याने पेपरचं नावाचं पान आणि फोटोंचं पान शेजारी शेजारी ठेवून फ्रेम केली आणि बैठकीच्या खोलीत दारासमोर ठोकली. “जन्मभर लोकांची नावं रंगवली,” येईल त्याला तो सांगायचा, “आमच्या घरातलं नाव मात्र छापून आलं. ब्रशसुद्धा लावावा लागला नाही!” जाऊबाईंनी तर दूधवाल्यापासून सगळ्यांना आणून ती फ्रेम दाखवली. काचताई वरवर चिडायची, “पुरे आता, प्रदर्शन आहे का?” आणि रोज सकाळी मऊ फडक्याने ती काच स्वतः पुसायची. इतकी पुसली की त्यातले सहाही फोटो तिला पाठ झाले. चौथ्या फोटोत, औषध दिलेल्या मुळाच्या कडेला, मसूरडाळीएवढा एक हवेचा बुडबुडा दिसायचा. स्लाइडवर वरची पातळ काच बसवताना राहिलेला. दर वेळी तिला वाटायचं, मेला एवढा तेवढा राहिलाच.

वर्ष गेलं. निवृत्तीला आठ महिने उरले. आपल्यामागे कोणाला अडचण नको म्हणून काचताई जुन्या स्लाइड लावायला बसली. एकेक उजेडात धरायची, कोपऱ्यावर कोरलेला नंबर बघायची, वहीत खूण करायची. अशीच एक स्लाइड उजेडात धरली, कडेला ठिपका वाटला म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, आणि तो मसूरडाळीचा बुडबुडा तिला ओळखीचा दिसला. रोज सकाळी बघितलेला चेहरा विसरतो का माणूस? तिने कोपऱ्यातला नंबर बघितला. स्लाइड बिनऔषधाच्या मुळाची होती.

पेपरात तीच औषधाची म्हणून छापली होती.

तिने वही काढली, पुढच्या मागच्या स्लाइड काढल्या, आणि अर्ध्या तासात सगळा घोळ तिच्या लक्षात आला. बिनऔषधाच्या ट्रेची शेवटची ओळ कधीची मोडलेली. नवा ट्रे मागायचा तर तीन अर्ज. म्हणून त्या ओळीतल्या सहा स्लाइड ती शेजारच्या, औषधाच्या ट्रेमध्ये पालथ्या ठेवायची. पालथी म्हणजे पाहुणी, इथली नव्हे. ही तिची वीस वर्षांची खूण, आणि ती फक्त तिच्या डोक्यात. मोजणीच्या आठवड्यात ती दोन दिवस रजेवर होती. परत येऊन बघते तर ट्रेमध्ये सगळ्या स्लाइड सुलट. पालथी एकही नाही म्हटल्यावर, पाहुण्या कोणीतरी उचलून ठेवल्या असतील असं धरून, ती अख्खा ट्रे मोजत सुटली. नंबर बघितला नाही. एकतीस वर्षांच्या हाताला नंबर कशाला लागतो? तिथेच तर घात झाला. त्या सहाही मुळांना नशिबाने रोग लागलेला नव्हता, आणि ती सहा निरोगी मुळं औषधाच्या खात्यात जाऊन बसली. औषध होतं त्याहून गुणाचं दिसलं.

संध्याकाळी नवरा अंगणात एका दवाखान्याची पाटी रंगवत होता. काचताई पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. त्याने ब्रश डब्यात ठेवला.

“कोणी विचारलंय का तुला?”

“नाही.”

“कोणाच्या लक्षात येईल?”

“नाही येणार. बुडबुडा माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.”

त्याने हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, “हे बघ, माझी पाटी चुकली तर मी पुसतो आणि परत रंगवतो. तुझं तसं नाही गं. आठ महिन्यांनी तू घरी. हे नाव पुसलंस तर परत कुठे लिहिणार आहेस? एकतीस वर्षांत एकदाच आलंय.”

हे तिलाही ठाऊक होतं. “अहो,” ती म्हणाली, “रोपवाटिकावाल्यांची पत्रं येतात मॅडमना, औषध कुठे मिळेल म्हणून. माझ्या सहा काचांच्या भरवशावर ते रोपं लावतील. आणि मी सही केलीय. कोणी विचारलं तर उत्तर देईन म्हणून.”

“पण कोणी विचारलं नाहीये ना!”

“मी विचारलंय स्वतःला. आता काय करू?”

त्याने परत ब्रश उचलला आणि म्हणाला, “मग जा उद्या. मला कशाला विचारतेस, तुझं ठरलेलं असतं.”

दुसऱ्या दिवशी काचताईने ट्रे, वही आणि बुडबुड्याची स्लाइड मॅडमच्या टेबलावर मांडली आणि एका दमात सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा उतरला. पीएचडीवाली मुलगी दारात उभी होती. ती आत आली. “ताई, त्या स्लाइड मी सुलट्या केल्या,” ती रडत म्हणाली. “तुम्ही रजेवर होता. मला वाटलं गडबडीत पालथ्या राहिल्यात. तुमचं काम वाचवावं म्हणून केलं.”

“तू कशाला रडतेस? खूण माझ्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. तुला स्वप्न पडणार होतं का?”

तिघींनी परत मोजलं. दोन दिवस लागले. सहा मुळं आपल्या जागी गेल्यावर औषधाचा गुण निम्म्यावर आला. आता नुसती दुरुस्ती छापून भागणार नव्हतं, पेपर मागे घ्यायला हवा होता. मुलीचा प्रबंध त्या पेपरवर उभा. तिचं एक वर्ष गेलं. मॅडमनी पत्र लिहायला घेतलं आणि जर्नलच्या नियमाप्रमाणे चौघांच्या सह्या लागल्या.

सर तापले. “काचताई, तुम्हाला कोणी सांगितलं होतं जुन्या काचा उकरायला? झाकली मूठ सव्वा लाखाची असते!”

“खरंय सर,” काचताई म्हणाली. “झाकलेलीच होती, म्हणून आत काय आहे ते तुम्ही कधी बघितलं नाहीत.”

मॅडमनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. सरांनी दुसरी वाट काढली. “मग असं लिहा, तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे. बाकीच्यांना कशाला गोवायचं? माझा या कामाशी काय संबंध?”

“सर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हेच मी फॉर्म भरताना तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, संपूर्ण मार्गदर्शन.”

सरांनी कपाळाला आठ्या घालून सही केली. या वेळी मात्र आधी पत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

काचताईचं म्हणणं होतं, चूक माझ्या नावाने लिहा. मॅडमनी साफ नकार दिला. “पेपर चौघांचा होता तर चूकही चौघांची. पण ती कोणी शोधली, हे मी लिहिणार.” आणि तसं लिहिलं. जर्नलने ते पत्र छापलं. पेपरच्या प्रत्येक पानावर ‘मागे घेतला आहे’ असा आडवा लाल शिक्का बसला, पहिल्या पानावर तर बरोबर नावांवरून.

घरी काचताईने फ्रेम उतरवली. जाऊबाई म्हणाल्या, “अगं, राहू दे की, इथे कोण जर्नल वाचतंय?” नवरा खिळा उपटायला स्टुलावर चढला आणि तसाच खाली उतरला. “खिळा राहू दे,” म्हणाला. “भिंतीचा गिलावा उगाच निघतो.” गिलाव्याची एवढी काळजी त्याला आधी कधीच नव्हती. काचताई आत गेली आणि तिला त्या दिवशी खूप रडू आलं. का येऊ नये? एकदाच आलेलं नाव होतं ते.

निवृत्तीपर्यंत उरलेल्या महिन्यांत तिने एकही रजा घेतली नाही. सगळा प्रयोग पहिल्यापासून. रोपं नवी, काप नवे, स्लाइड नव्या. मोडक्या ओळीच्या ट्रेवर नवऱ्याने तिला लाल रंगाने ठसठशीत अक्षरांत लिहून दिलं, ‘ही ओळ बंद’. तीन अर्ज करून नवा ट्रेही आला. आपल्या सगळ्या खुणा, जेवढ्या डोक्यात होत्या तेवढ्या, तिने वहीत उतरवल्या. बावीस पानं झाली. शेवटचा काप उतरवला त्याच्या चौथ्या दिवशी ती निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात सर तिच्या सचोटीवर वीस मिनिटं बोलले. ऐकणाऱ्यांनी ऐकून घेतलं.

त्यानंतर काही महिन्यांनी पीएचडीवाली मुलगी काचताईच्या घरी आली. पिशवीत नवा पेपर होता. औषध थोडंसंच लागू पडतं, तेही रोप कोवळं असताना, एवढंच त्यात म्हटलं होतं. दिमाखदार काही नाही. मुलीने फॉर्म पुढे केला. तीनच नावं होती, आणि काचताईचं दुसरं. सरांनी या खेपेला आपण होऊनच अंग काढून घेतलं होतं. मोजणी करायची भानगड नको म्हणे.

“ताई, इथे सही.”

काचताईने पेनाकडे बघितलं, भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं. नवरा दारात उभा राहून ब्रश पुसतच होता, कधीचा कोरडा झाला तरी.

“आधी वाचून दाखव,” ती म्हणाली.

“सगळा?”

“सगळा. वही आणलीस ना? काढ.”

मुलगी चटईवर बसून वाचू लागली. काचताई डोळे मिटून ऐकत होती. पहिला फोटो झाला, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी तिने हात वर केला.

“थांब. ही कुठली काच?”

मुलीने नंबर सांगितला. काचताईने चष्मा लावला, वहीतली ओळ शोधली, तिच्यावर बोट ठेवलं आणि नंबर एकदा मोठ्याने वाचला.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “वाच पुढे.”