मडक्यातली तांबडी वाळू

परीक्षानळी खिडकीशी धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "हळद लय हाये, साहेब."

नायट्रेटला हळद म्हणणारा माणूस तुम्ही तरी पाहिलाय का? वर्ध्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ते परिचर होते, सगळे त्यांना मामा म्हणत; मी नवा केमिस्ट. पाण्यात नायट्रेट असलं की आमच्या चाचणीत पिवळा रंग येई. जितकं जास्त, तितका गडद. तेवढ्यावरून ते विहिरींची लग्नं लावत. "ह्या विहिरीची हळद पाहा, नवरदेव लाजन!"

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. देवळीच्या वाटेवरच्या एका वस्तीत पाच आठवड्यांचं बाळ निळं पडलं. आईला दूध नव्हतं. डब्यातली पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून देत. बाळ वाचलं, पण जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू अडवतं, म्हणून डॉक्टरांनी ते पाणी बंद केलं. तेव्हापासून हे गृहस्थ रोज सकाळी सायकलला कॅन बांधून पिपरीहून चांगलं पाणी नेऊ लागले. नातं ना गोतं.

मी मात्र वेगळ्याच नादात होतो. लोखंडाचा लेप दिलेली वाळू नायट्रेट धरून ठेवते, असं कुठंतरी वाचलं होतं. नदीची वाळू लोखंडी क्षाराच्या पाण्यात भिजवली. त्यांनी ती कढईत परतली. "घ्या साहेब, चिवडा झाला!" तांबडी वाळू मडक्यात भरली, वरून विहिरीचं पाणी ओतलं, खाली झिरपलेलं तपासलं. रंगच नाही! खोटं नाही सांगत, आम्ही टेबलाभोवती नाचलो.

"हळद उतरली, साहेब! उतरली!"

एक मडकं प्रयोगशाळेत ठेवलं, त्यात रोज त्याच विहिरीचं पाणी ओतायचं ठरलं; दुसरं बाळाच्या घरी गेलं.

"आता कॅन बंद," मी म्हणालो.

"दहा दिस पाहू ना बाप्पा. घाई काऊन?"

"केमिस्ट मी की तुम्ही?"

ते नळ्या धुवायला गेले. हे वाक्य मी बोललो, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

चार दिवस मी अहवाल लिहिण्यात दंग. पाचव्या दिवशी सकाळी आमच्या मडक्यातलं पाणी सहज तपासलं. गर्द पिवळं! वाळूवरचा लेप भरून गेला होता. आता तो काहीच धरत नव्हता. आणि बाळ?

स्कूटर कशी हाकली, आठवत नाही. दारात बाळाची आई उभी होती, कडेवर बाळ. लालबुंद, स्वतःची मूठ चोखणारं.

"मडक्यातलं पाणी देऊ नका!" मी ओरडलो.

"थे कुठं देतो, साहेब? मामा रोज कॅन आणून राह्यले ना. म्हणे, साहेबाले सांगू नोको, लय खूश हायेत ते."

तेवढ्यात सायकल आली. मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे उतरले.

"रागावू नोका, साहेब. मडकं चांगलंच हाये. फक्त लेकरू नवं हाये."

ते जाऊन बरीच वर्षं झाली. माफी मी आज तुमच्यासमोर मागतोय; त्या दिवशी मागितली नाही. मी नुसती कॅनची दोरी सोडू लागलो. ती सुटेना. गाठ शेवटी त्यांनीच सोडली, आणि आम्ही दोघांनी मिळून कॅन आत नेला.